फटफटीच्या पाठीवरील जागा

उज्जयिनीस महाकालेश्वराच्या दर्शनाला जाणाऱ्या आपल्याकडील यात्रेकरूंना एक गोष्ट बहुधा ठाऊक असते. निदान ठाऊक असावी. अल्तमशाच्या स्वारीत १२३४-३५ च्या सुमारास उद्ध्वस्त झालेले हे देवस्थान पाच शतकांनी पुन्हा उभे राहिले, ते राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांच्या हातून. कोकणपट्टीतील शेणवी घराण्याचा एक पुरुष माळव्यात जातो आणि बारा ज्योतिर्लिंगांपैकी एकाच्या जीर्णोद्धाराचे निमित्त होतो, ही काही लहानसहान घटना नव्हे. पुढे दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास आपले ठाणे ग्वाल्हेरीस नेले, तरी त्या काळी तिकडे गेलेली पुष्कळ मराठी कुटुंबे माळव्यातच रुजली. त्यांचे वंशज आजही उज्जयिनी, देवास आणि इंदूर या शहरांतून राहतात.

अशाच एका घरी, शहराच्या दक्षिणेस इंदूरच्या वाटेवर असलेल्या नानाखेडा वस्तीत, आमचा मुक्काम होता. घरातील भाचा रोज मोटारसायकलीवरून कामाला जातो आणि संध्याकाळी नानाखेड्याच्या बसस्थानकावर उतरणाऱ्या आपल्या पत्नीला मागे बसवून घरी आणतो. त्याने मला विचारले, "मामा, तुम्ही इतिहासाची पुस्तके चाळता, पण गाडीला मागे डिकी कोणती बसवावी, हे तुमच्या इतिहासात कुठे आहे का?" प्रश्न थट्टेचा होता. पण विचार करू लागल्यावर असे वाटले की, या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो जाणल्यावाचून उत्तरही नीट देता यायचे नाही.

वाहनाच्या पाठीवर माणूस आणि ओझे यांची जागेसाठी चाललेली ओढाताण फार जुनी आहे. मराठी स्वाराने तिचा निकाल आपल्या परीने लावला होता. पडशी किंवा खुर्जी ही दोन तोंडांची पिशवी. ती घोड्याच्या पाठीवर आडवी टाकली की दोन्ही कुशींना सारखे वजन पडते, आणि तेही खोगिराच्या खाली, जनावराच्या अंगाला लागून. उंच पाठीमागे गाठोडे बांधले तर ते हेलकावे खाते, हे त्या स्वाराला कोणी गणित मांडून शिकवावे लागले नाही. इंग्रजीतील 'पिलियन' हा शब्दही मूळचा घोड्यावरचाच. स्वाराच्या मागे स्त्रीने बसावे म्हणून टाकलेल्या गादीचे ते नाव. मोटारसायकलीच्या मागच्या आसनाला ते चिकटले, ही शब्दांची गंमत.

गोमंतकातील वाचकांना दुसरे उदाहरण घरचेच मिळेल. पहाटे भोंगा वाजवीत येणारा पदेर आपली पावांची टोपली सायकलीच्या कॅरिअरवर बांधतो. ती आकाराने मोठी, पण वजनाने हलकी. शिवाय त्याच्या मागे कोणी बसायचे नसते. याच्या उलट मोटारसायकलीवरून भाड्याने उतारू नेणारा 'पायलट' पाहावा. पिवळ्या मडगार्डाची ही सवारी गोव्यात रीतसर परवान्याने चालते. मागची जागा हेच त्याच्या पोटापाण्याचे साधन, म्हणून उताऱ्याची पिशवी तो बहुधा पुढे टाकीवर, आपल्या दोन हातांच्या मध्ये घेतो. पदेराने ओझ्याला जागा दिली, पायलटाने माणसाला. एकाच जागी दोघांना कोंबण्याचा मोह दोघांनीही टाळला.

आपल्या मध्यमवर्गीय संसारात दुचाकी शिरली ती मात्र प्रामुख्याने स्कूटरच्या रूपाने. इटलीतील पियाज्जिओ कारखान्याने १९४६ साली व्हेस्पा बाजारात आणली. तिचा रचनाकार कोर्रादिनो दास्कानिओ हा मूळचा विमानविद्येतील अभियंता; त्याला मोटारसायकली मुळीच आवडत नसत. त्यामुळे त्याने इंजिन झाकून टाकले, पायांपुढे ढाल दिली आणि मधली जागा मोकळी सोडली. याच कंपनीच्या सहकार्याने १९६० पासून बजाजांनी आपल्याकडे स्कूटर बनविण्यास आरंभ केला. ते सहकार्य १९७१ साली संपले आणि १९७२ मध्ये राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव घेऊन 'चेतक' आली. त्याच वर्षी कायनेटिकची 'लूना' निघाली. पुढे साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्स कारखान्यातून 'प्रिया' येऊ लागली. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी, आणि गाडी घरी आली की तिला हार घालून, नारळ फोडून प्रथम देवळात न्यावी, हा सोहळा अनुभवलेले वाचक थोडे नसतील.

त्या स्कूटरवर कोण कसे बसे, हे आठवून पाहावे. धाकटे मूल पुढे उभे. मागे गृहिणी एका बाजूला पाय सोडून. भाजीची पिशवी पुढच्या कडीला अडकविलेली. हत्यारे आणि फडके डाव्या कुशीतील कुलूपबंद डिकीत. आणि अगदी मागे स्टेपनी. (स्टेपनी हे नावही मोठे प्रवासी आहे. वेल्समधील लानेल्ली गावच्या स्टेपनी रस्त्यावर १९०४ च्या सुमारास जादा चाक विकणाऱ्यांचे दुकान होते. त्या रस्त्याचे नाव आपल्या खेड्यापाड्यांतील गॅरेजवाल्यांच्या तोंडी बसले आहे.) अशा रीतीने ओझे गाडीच्या पोटात आणि पुढे, माणसे पाठीवर, अशी वाटणी आपोआप झाली होती. मूल पुढे उभे करणे धोक्याचेच होते; त्याचे समर्थन करण्याचा हेतू नाही. १५ फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलासाठी शिरस्त्राण आणि बांधून ठेवणारा पट्टा आवश्यक ठरला असून वेगही ताशी ४० किलोमीटरांच्या आत ठेवावा लागतो.

१९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० रस्त्यावर आली आणि थोड्या पेट्रोलात पुष्कळ चालणाऱ्या मोटारसायकलींनी हळूहळू स्कूटरला मागे सारले. येथे ती जुनी वाटणी मोडली. मोटारसायकलीला पोट नाही. जेथे स्कूटरची डिकी, तेथे हिचे इंजिन आणि टाकी. उजव्या कुशीला तापलेला सायलेन्सर. डावी कूस मोकळी खरी, पण आपल्याकडील साडी नेसलेली स्त्री त्याच बाजूस पाय सोडून बसते, कारण रस्त्याच्या डाव्या अंगाने चालणाऱ्या देशात रहदारीपासून दूरची बाजू ती. तेथे पेटी लावली तर तिने पाय ठेवायचे कुठे? मग ओझ्याला उरली ती एकच जागा: आसनाच्या मागे, शेपटीवर.

स्त्रीच्या पायांची आणि पदराची काळजी कायद्याने घेतली, हे या इतिहासातील महत्त्वाचे पान होय. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ वा नियम सांगतो की, मागे बसण्याची सोय असलेल्या प्रत्येक मोटारसायकलीला चालकाच्या आसनाच्या बाजूस किंवा मागे पक्की मूठ हवी, पाय ठेवण्यास आधार हवा आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे आवरण हवे, म्हणजे बसणाऱ्याचे वस्त्र चाकात गुंतणार नाही. आपण ज्याला 'साडी गार्ड' म्हणतो ते हेच आवरण. नियम झाला, तरी या वस्तू जणू हौसेच्या आहेत अशा समजुतीने त्यांच्यावाचून गाड्या विकल्या जात राहिल्या. त्याविरुद्धची दाद मध्य प्रदेशातच मागितली गेली. तेथील उच्च न्यायालयाने २००८ साली नियमाचे पालन झालेच पाहिजे, असा निर्णय दिला आणि त्यावरील अपील सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली फेटाळले. पदर, ओढणी किंवा धोतराचा सोगा चाकात अडकून झालेले अपघात ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना त्या साध्या जाळीचे मोल सांगावयास नको.

पुढे २०२० साली याच नियमांत पेटीचाही प्रवेश झाला. तिची लांबी ५५०, रुंदी ५१० आणि उंची ५०० मिलिमीटरांहून अधिक नसावी. ती मागच्या आसनाच्या जागी ठेवली असेल तर चालकाखेरीज कोणी बसू नये. पेटी आसनाच्या मागे असेल तरच दोघांनी बसावे. पायलटाने आणि पदेराने आपल्या अनुभवाने जे ठरविले होते, ते येथे कलमात आले.

भाच्यापुढे मी हा सारा इतिहास मांडला. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "म्हणजे डिकी घ्यायची की नाही?"

घ्यावी, पण आधी मुठीचा विचार करावा, असे मी म्हटले. पाय डावीकडे सोडून बसणाऱ्या स्त्रीचा उजवा हात चालकाच्या खांद्याकडे असतो आणि डावा हात गाडीच्या शेपटीकडे. खड्डा आला, अचानक ब्रेक लागला, की डावा हात मागची दांडी शोधतो. आणि पेटीसाठी लोखंडी चौकट बसविताना कित्येक ठिकाणी नेमकी तीच दांडी काढून टाकतात, किंवा पेटी इतकी पुढे घेतात की दांडीभोवती बोटे वळत नाहीत. पेटीला पाठ टेकता येते, म्हणून ती मुठीचे काम करील, असे विकणारे सांगतात. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणाऱ्यास ते काहीसे खरे आहे. बाजूने बसणारीची पाठ उजवीकडच्या रहदारीकडे असते, पेटीकडे नव्हे.

पेटी मागे सरकवावी, तर वजनाचा हिशेब आड येतो. नित्याच्या मोटारसायकलीच्या दोन चाकांत सुमारे १२५ सेंटिमीटर अंतर असते. मागच्या आसापासून ४० सेंटिमीटर मागे १० किलो ठेवले, तर आस हा टेकू होतो: पुढच्या चाकावरचा भार ३.२ किलोंनी घटतो आणि मागच्यावर १३.२ किलोंची भर पडते. मागे माणूस बसलेले असता मागचे चाक आधीच दबलेले असते. हलक्या झालेल्या पुढच्या चाकाने गाडी वळणावर व वाऱ्यात डळमळू लागते. म्हणून पेटीचा आकार लिटरांत न मोजता आत काय जाणार, यावरून ठरवावा. पूर्ण चेहरा झाकणारे एक शिरस्त्राण सुमारे ३० लिटरांत मावते. दोन ठेवायची तर ४५ लिटरांच्या पुढे जावे लागते. परंतु मोठी पेटी रिकामी राहत नाही, हा गृहस्थाश्रमाचा नियम आहे. मोटारसायकलींच्या पेट्यांकरिता प्रसिद्ध असलेली गिवी ही कंपनीही इटलीचीच, जुजेप्पे विसेन्त्सी नावाच्या शर्यतपटूने १९७८ साली काढलेली. तिच्या लहान जातीच्या पेट्यांना ३ किलोंची आणि भक्कम जातीच्यांना १० किलोंची मर्यादा आहे, हे ऐकून भाचा चकितच झाला. तो त्यात गव्हाचे पीठ आणण्याच्या विचारात होता.

शेवटी दोघे पती-पत्नी मिळून दुकानात गेले. मीही बरोबर होतो. सुनेने गाडीवर बसून पाहिल्यावाचून काही घ्यायचे नाही, असे ठरले होते. पहिली पेटी दिसावयास सुबक, पण तिच्या कोपऱ्याला कोपर लागत होते. दुसरीची चौकट दांडी काढल्यावाचून बसेना. ती तेथेच नाकारली. तिसरी ३२ लिटरांची होती, किल्ली फिरवताच पाटीवरून निघणारी, मागचा दिवा आणि क्रमांक मोकळा ठेवणारी. तिच्यात डबा, पावसाळी कोट आणि एक शिरस्त्राण मावते. दुसरे शिरस्त्राण आसनाखालच्या कडीला कुलपाने अडकवावे लागते. कारागिराने चौकट दांडीच्या खालून घेतली आणि त्यासाठी दोन बोल्ट लांब वापरले. सून आसनावर बसली, उजवा हात नवऱ्याच्या खांद्यावर ठेवला, आणि डोळे मिटून डावा हात मागे नेला. दांडी हाती लागली. तेव्हा भाच्याने पैसे दिले.