व्हाल्साल्व्हा दृष्टिपटलविकार
श्वास कोंडून जोर केल्याने दृष्टिपटलातील केशवाहिन्या फुटून होणारा रक्तस्राव. इटालियन शारीरविज्ञ आंतोनियो व्हाल्साल्व्हा (१६६६–१७२३) यांच्या नावाच्या श्वासक्रियेवरून हे नाव आले. विकाराचे वर्णन टॉमस ड्वेन यांनी १९७२ मध्ये केले. कंठद्वार बंद ठेवून कुंथल्यास छातीतील व पोटातील दाब वाढतो. डोक्याकडील शिरांतून हृदयाकडे परतणारे रक्त अडते, डोळ्यातील शिरांचा दाब एकाएकी चढतो आणि पीतबिंदूजवळ (→ पीतबिंदू) रक्त साचते. जड ओझे उचलणे, जोराचा खोकला, उलटी, बद्धकोष्ठता व प्रसूतीच्या कळा ही नेहमीची निमित्ते. हमाली व अवजड कामांत असा जोर रोजचाच; मात्र विकार विरळाच. बहुधा एकाच डोळ्याची नजर अचानक, वेदनेविना मंदावते किंवा मध्यभागी काळा डाग दिसतो. बाहेरून डोळा लाल दिसेलच असे नाही. लाल दिसणारा नेत्रश्लेष्मल रक्तस्राव (→ नेत्रश्लेष्मला) वेगळा व सहसा निरुपद्रवी असतो. रक्त बहुधा काही आठवड्यांत ते महिन्यांत शोषले जाते; तोवर जोर करणे वर्ज्य. मोठ्या स्रावात लेसरने साचलेल्या रक्तावरील पातळ पटलाला छिद्र पाडून रक्ताला वाट देतात, क्वचित काचद्रव काढण्याची शस्त्रक्रिया करतात. निदानापूर्वी मधुमेह (→ मधुमेही दृष्टिपटलविकार), रक्तदाब व रक्तविकार तपासणे आवश्यक ठरते.