घरच्या बिअरसाठी स्पर्धेत गट कोणता?

घरी स्वतःपुरती बिअर तयार करण्याचा छंद अमेरिकेत चांगलाच रुजला आहे. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये त्यासंबंधीच्या कायद्यावर स्वाक्षरी केली आणि १९७९ पासून हौशी मंडळींची राष्ट्रीय स्पर्धाही सुरू झाली. (महाराष्ट्रात मात्र परवान्याविना मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे, हे येथेच नमूद केलेले बरे.)

अशा स्पर्धेत परीक्षकांपुढे येतो तो निनावी पेला. बिअर कोणी केली हे त्यांना ठाऊक नसते. ठाऊक असतो तो तिचा गट. तेथे बहुधा 'बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम' या संस्थेची मार्गदर्शिका प्रमाण मानतात. तिची सुधारित आवृत्ती २०२१ मध्ये निघाली. एकूण गुण ५०. पैकी चवीला २०, गंधाला १२, एकंदर प्रभावाला १०, जिभेवर जाणवणाऱ्या दाटपणाला ५ आणि रूपाला अवघे ३. हे गुण गटाच्या वर्णनाशी ताडून दिले जातात. साहजिकच, निर्दोष बिअरही चुकीच्या पाटीखाली गेली तर मागे पडते.

नेमकी चूक होते ती कृतीच्या नावावरून गट ठरविताना. समजा, कृती 'अमेरिकन आयपीए'ची होती. या गटात मद्यार्क ५.५ ते ७.५ टक्के आणि कडवटपणा ४० ते ७० एकक अपेक्षित आहे. आंबवण अर्धवट राहिले, मद्यार्क ५.२ टक्क्यांवरच थांबला आणि हॉप्सचा जोरही बेताचा निघाला. आता ती 'अमेरिकन पेल एल' झाली (मद्यार्क ४.५ ते ६.२ टक्के, कडवटपणा ३० ते ५०) आणि कदाचित उत्तम पेल एल झाली! मात्र आकडे जुळले म्हणजे काम संपले, असेही नाही. परीक्षकाकडे मोजमापाचे यंत्र नसते, जीभ असते. पोर्टर आणि स्टाऊट यांचे आकडे बरेचसे एकमेकांत मिसळतात. तेथे भाजक्या धान्याचा कडवट, कॉफीसारखा ठसा किती ठळक आहे, यावरच निर्णय घ्यावा लागतो.

फळांच्या बिअरबाबत अधिक सावध राहावे. अर्जात रासबेरी लिहिली की परीक्षक ती शोधणारच. चव जेमतेम लागत असेल, तर फळाचा उल्लेख टाळून मूळ प्रकारात प्रवेशिका द्यावी.

शिवाय हॉप्सचा सुगंध आठवड्यागणिक उडतो. अर्ज भरताना दमदार वाटलेली आयपीए परीक्षणाच्या दिवशी सौम्य झालेली असू शकते. म्हणून एक बाटली राखून ठेवावी, मुदत संपण्याआधी उघडावी आणि नाव न सांगता जाणकार मित्राला चाखायला द्यावी. तो ज्या प्रकाराचे नाव घेईल, त्याचे वर्णन आधी वाचावे. दोन गटांत मन अडकलेच, तर नियमावली पाहावी. काही स्पर्धांत एकच बिअर दोन गटांत पाठविता येते, अर्थात शुल्क आणि बाटल्याही दुप्पट लागतात.