कुष्ठरोगाचे औषध आणि आतड्याची वाट : पृष्ठसक्रिय द्रव्यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक टिपण

कुष्ठरोगाच्या उपचारांचा इतिहास आपल्याकडे बहुधा सेवाभावी संस्थांच्या अंगाने लिहिला गेला आहे. औषध रुग्णाच्या आतड्यातून रक्तात कसे पोहोचले, हा प्रश्न त्यात मागे पडला. प्रस्तुत टिपणात त्याचाच विचार केला आहे.

बिलोलीपासून फार दूर नसलेल्या, निजामाबादजवळील डिचपल्ली येथे डॉ. इझाबेल केर यांनी १९१५ मध्ये कुष्ठरुग्णालय सुरू केले. नांदेड आणि निजामाबाद हे जिल्हे तेव्हा हैदराबाद संस्थानातच होते. त्या काळचे प्रमुख औषध म्हणजे कडू कवठीचे तेल. ते पोटात घेतल्यास मळमळ व उलट्या होत. म्हणून ते सुईने टोचावे लागे. डिचपल्लीत काम केलेले डॉ. जॉन लो पुढे नायजेरियातील उझुआकोली येथे गेले. तेथे १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी डॅप्सोन तोंडावाटे अल्प मात्रेत देण्याची पद्धत रूढ केली. डॅप्सोन आतड्यातून जवळजवळ पूर्ण शोषले जाते.

परंतु जंतू डॅप्सोनला दाद देईनासे झाले. त्याच उझुआकोलीत १९६२ मध्ये क्लोफाझिमिन कुष्ठरोगावर वापरले गेले. हे तांबडे द्रव्य व्हिन्सेंट बॅरी यांच्या डब्लिनमधील गटाने क्षयरोगासाठी तयार केले होते. ते चरबीत मुरते, पाण्यात मात्र जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे त्याचे अतिसूक्ष्म कण तेल व मेणाच्या मिश्रणात घालून कॅप्सूल बनविण्यात आली. त्यात लेसिथिन हे पृष्ठसक्रिय द्रव्यही असते.

पृष्ठसक्रिय रेणूचे एक टोक पाण्याकडे, तर दुसरे तेलाकडे ओढले जाते. पित्तातील क्षार व लेसिथिन तेलाचे थेंब फोडतात आणि औषधाला सूक्ष्म पुंजक्यांत घेऊन आतड्याच्या अस्तरापर्यंत नेतात. पित्त स्निग्ध अन्नाने स्रवते. 'जेवणासोबत घ्या' ही सूचना म्हणूनच केवळ उपचार नव्हे. अर्थात अशी द्रव्ये जितकी अधिक तितके शोषण अधिक, असे समीकरण मांडता येत नाही. ती जास्त झाल्यास औषध पुंजक्यांतच अडकून राहू शकते. एवढी तजवीज करूनही रुग्णांमध्ये क्लोफाझिमिनचे शोषण ४५ ते ६२ टक्केच आढळते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचारात बहुजंतुक रुग्णांसाठी रिफॅम्पिसिन व डॅप्सोनसोबत ते आले : रोज ५० मिलिग्रॅम आणि महिन्यातून एकदा देखरेखीखाली ३०० मिलिग्रॅम. गावात रोग लपविणाऱ्या रुग्णाला मात्र त्याची वेगळीच किंमत मोजावी लागली. चरबीत साठणारे हे औषध त्वचा तांबूस-काळी करते, आणि तो रंग उपचार संपल्यावरही महिनोन्महिने उतरत नाही.