‘व्हर्नॅक्युलर’मध्ये शिवी कुठून आली?

मुंबईच्या कॉलेजांत मराठी मीडियमच्या पोरांना ‘व्हर्नॅक’ म्हणून चिडवतात, हे तुम्ही ऐकलं असेल. काहींनी सोसलंही असेल. आज त्याच शब्दाबद्दल बोलू, म्हणजे ‘व्हर्नॅक्युलर’ या इंग्रजी विशेषणाबद्दल.

लॅटिनमध्ये ‘वर्ना’ म्हणजे मालकाच्या घरातच जन्मलेला गुलाम. त्यावरून ‘वर्नाक्युलुस’. एवढं कळलं की लोक म्हणतात, बघा, गुलामांची भाषा म्हणून हिणवतायत! मला हे पटत नाही. रोमन काळातच या शब्दाचा अर्थ ‘घरचं, इथलंच’ इतका सैल झाला होता. व्हॅरो नावाचा रोमन पंडित जलचरांची नावं सांगताना परक्या नावांपासून वेगळी, आपली लॅटिन नावं दाखवायला हेच विशेषण वापरतो. पुढे सतराव्या शतकात इंग्रजीत हा शब्द रुळला, तेव्हा व्हर्नॅक्युलर कोण होतं? खुद्द इंग्रजी! विद्वत्तेची भाषा लॅटिन, आणि इंग्रजी आपली घरगुती.

मग डंख आला कुठून? माझ्या मते आपल्याकडच्या सरकारी कागदांतून. मार्च १८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनने व्हर्नॅक्युलर प्रेस ॲक्ट आणला. देशी भाषेतल्या पत्राने सरकारविरुद्ध असंतोष पसरवला असं वाटलं, की जामीन मागायचा, प्रसंगी छापखान्याचं सामान जप्त करायचं. कोर्टात दाद नाही. इंग्रजी पत्रांना मात्र हा कायदा लागूच नव्हता! बंगाली-इंग्रजी अशी दुभाषी असलेली ‘अमृतबझार पत्रिका’ सरळ पूर्ण इंग्रजी झाली आणि सुटली. जानेवारी १८८१ मध्ये पुण्यात टिळक-आगरकरांच्या मंडळींनी मराठी ‘केसरी’ आणि इंग्रजी ‘मराठा’ काढले, तेव्हाही हा कायदा होताच. मंडळी तीच, पण या कायद्याची टांगती तलवार फक्त मराठी पत्रावर. १८८२ मध्ये रिपनने तो रद्द केला. भाषांची ती वरची-खालची पायरी मात्र राहिली.

तरी शब्द सगळीकडे बदनाम नव्हता हं. सातवीची ‘व्हर्नॅक्युलर फायनल’ पास झालेला माणूस प्राथमिक शाळेत मास्तर व्हायचा, गावात त्याला मान असायचा. तुमच्या पणजोबांपैकी कुणी असेल, घरी विचारा.

आता स्टार्टअपवाले मराठी व्हिडिओंना ‘व्हर्नॅक्युलर कंटेंट’ म्हणतात. फ्रेंच व्हिडिओ मात्र नुसता फ्रेंच असतो.