राष्ट्रीय स्टार्टअप सल्लागार परिषद म्हणजे नेमकं काय? सीमाभागातील उद्योजकाने काय लक्षात ठेवावं?

बेळगाव : उद्यमबागेत लेथ चालवणाऱ्या एका तरुणाने परवा मोबाईलवर आलेला संदेश दाखवला. ‘राष्ट्रीय स्टार्टअप सल्लागार परिषदेची मान्यता घ्या, ५० लाखांपर्यंत सरकारी अनुदान मिळवा, फी फक्त १८ हजार.’ वर त्याचा प्रश्न, “हे खरं काय ओ?”

त्या एका ओळीत तीन गोष्टी चुकीच्या जोडल्या होत्या. परिषद खरी आहे, पण ती कोणालाही मान्यता देत नाही. ५० लाखांचा आकडा खरा आहे, पण ते अनुदान नव्हे. आणि मान्यतेच्या अर्जाला सरकारी फी एक रुपयाही नाही. असे संदेश सध्या बऱ्याच जणांना येत आहेत. म्हणून परिषद काय आहे, तिचं काम काय आणि आपल्या भागातल्या लहान कारखानदाराचा तिच्याशी संबंध कुठे येतो, याची ही माहिती.

परिषद कधी आणि कोणी स्थापन केली?

‘स्टार्टअप इंडिया’ हा केंद्र सरकारचा कार्यक्रम १६ जानेवारी २०१६ रोजी सुरू झाला. त्यानंतर चार वर्षांनी, जानेवारी २०२० मध्ये, राष्ट्रीय स्टार्टअप सल्लागार परिषद स्थापन करण्यात आली. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्रालयात उद्योग आणि अंतर्गत व्यापार संवर्धन विभाग आहे. सगळे जण त्याला डीपीआयआयटी म्हणतात. परिषद या विभागाच्या अखत्यारीत चालते.

केंद्रीय वाणिज्य व उद्योगमंत्री परिषदेचे अध्यक्ष असतात. डीपीआयआयटीचे सहसचिव निमंत्रक म्हणून काम पाहतात. संबंधित मंत्रालयांचे सहसचिव किंवा त्यावरच्या दर्जाचे अधिकारी पदसिद्ध सदस्य असतात. त्यांच्या जोडीला सरकार बिगरसरकारी सदस्य नेमते. यशस्वी स्टार्टअपचे संस्थापक, मोठी कंपनी उभी केलेले जाणते उद्योजक, गुंतवणूकदारांचे आणि इन्क्युबेशन केंद्रांचे प्रतिनिधी, उद्योग संघटनांचे प्रतिनिधी अशांमधून ही निवड होते. त्यांची मुदत दोन वर्षांची. २०२० च्या अखेरीस पहिले २८ बिगरसरकारी सदस्य नेमले गेले. त्यांत बायजूज, स्नॅपडील, अर्बन कंपनी यांचे संस्थापक होते. पहिली बैठक एप्रिल २०२१ मध्ये झाली.

परिषदेचं काम काय?

नावातच सल्लागार आहे. नव्या कल्पनांवर उभे राहणारे उद्योग देशात वाढावेत म्हणून काय करावं, हे सरकारला सुचवायचं, एवढंच तिचं काम. स्थापनेच्या आदेशात जी कामं दिली आहेत, त्यांतली आपल्या उपयोगाची अशी :

- नागरिकांत, विशेषतः विद्यार्थ्यांत, नवं काही करून पाहण्याची वृत्ती रुजवणे
- अर्थव्यवस्थेच्या सर्व क्षेत्रांत, निमशहरी व ग्रामीण भागातसुद्धा, नवकल्पनांना चालना देणे
- कल्पनेपासून विकता येईल अशा मालापर्यंतच्या प्रवासाला इन्क्युबेशन व संशोधनाची साथ देणे
- पेटंट, ट्रेडमार्क यांची निर्मिती, संरक्षण आणि व्यापारी वापर वाढवणे
- धंदा सुरू करणे, चालवणे, वाढवणे आणि बंद करणे सोपे व्हावे म्हणून कागदपत्रे व खर्च कमी करणे
- भांडवल सहज मिळावे, देशातला पैसा स्टार्टअपकडे वळावा आणि कंपनीचा ताबा मूळ मालकांकडेच राहावा यासाठी उपाय सुचवणे

परिषदेकडे वाटायला निधी नाही. ती नोंदणी करत नाही, प्रमाणपत्र देत नाही, कर्ज मंजूर करत नाही. त्यामुळे ‘परिषदेची मान्यता मिळवून देतो’ असं कोणी म्हटलं की तिथेच सावध व्हावं.

सल्ला आणि निर्णय यातला फरक

हा फरक कळायला एंजल टॅक्सचं उदाहरण घ्या. शेअर बाजारात नोंदणी न झालेल्या कंपनीने रास्त मूल्यापेक्षा जास्त दराने शेअर विकले, तर वरच्या रकमेवर आयकर लावण्याची ही तरतूद २०१२ च्या अर्थसंकल्पात आली. स्टार्टअपवाल्यांची तिच्याविरुद्ध वर्षानुवर्षे ओरड होती. शेवटी डीपीआयआयटीने हा कर काढण्याची शिफारस केली आणि जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात तो रद्द झाला. शिफारस उद्योग विभागाची, निर्णय अर्थखात्याचा. मधली बारा वर्षं कर भरणाऱ्याची. सल्लागार मंडळाकडून अपेक्षा ठेवताना एवढा हिशेब मनात असावा.

मग मान्यता कोण देतं?

मान्यता डीपीआयआयटी देतो. अर्ज ऑनलाइन करायचा, आणि तो मोफत आहे. सीएची मदत घेतली तर त्याची फी वेगळी, पण ती सरकारी फी नव्हे. २०१९ च्या अधिसूचनेत मुख्य अटी अशा होत्या :

१. व्यवसाय प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, एलएलपी किंवा नोंदणीकृत भागीदारी संस्था असावा.
२. स्थापनेपासून दहा वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला नसावा.
३. कोणत्याही आर्थिक वर्षात उलाढाल १०० कोटींच्या वर गेलेली नसावी.
४. माल, सेवा किंवा पद्धतीत काही नवं किंवा सुधारलेलं असावं, अथवा रोजगार व संपत्ती वाढवण्याची मोठी क्षमता असावी.
५. जुना धंदा तोडून किंवा त्याची पुनर्रचना करून उभा केलेला नसावा.

अशा मर्यादा अधिसूचनेने बदलता येतात. म्हणून अर्जाच्या दिवशी लागू असलेली अट पोर्टलवर बघून घ्यावी.

आपली गाडी अडते ती इथे

आपल्याकडचे बहुतेक लहान कारखाने एकाच माणसाच्या मालकीचे. उद्यमबाग असो, मच्छे असो, वडगाव-खासबागचे यंत्रमाग असोत, वडिलांच्या नावावर जीएसटी आणि मुलगा शेड सांभाळतो, ही पद्धत. वाणिज्य शाखेत आम्ही प्रोप्रायटरशिप म्हणजे ‘सर्वात सोपा प्रकार’ असं पाठ केलं होतं. सोपा आहेच. पण स्टार्टअप मान्यतेच्या यादीत त्याला जागा नाही. कल्पना कितीही चांगली असली तरी ती कोणी वाचण्याआधीच अर्ज बाद होतो.

यावर उपाय म्हणून काही जण घाईने कंपनी काढतात आणि जुनाच धंदा तिच्या नावावर करतात. मग पाचवी अट आडवी येते. जुन्या फौंड्रीला नवं नाव दिलं म्हणून ती स्टार्टअप होत नाही. फौंड्रीतल्या मुलाने नवा व्हॉल्व्ह, नवं यंत्र किंवा कास्टिंग तपासायची नवी पद्धत तयार केली आणि त्यासाठी पहिल्या दिवसापासून वेगळी कंपनी, वेगळे हिशेब ठेवले, तर गोष्ट वेगळी. म्हणजे धंद्याचा कायदेशीर प्रकार आधी ठरवायचा आणि पहिलं बिल नंतर फाडायचं. आपल्याकडे बहुधा उलटं होतं.

मान्यता मिळाली तर काय मिळतं?

पेटंट : अर्जाच्या फीमध्ये ८० टक्के सवलत. पेटंटचा मसुदा करणाऱ्या नेमलेल्या तज्ज्ञांची फी सरकार देते, अर्जदाराने फक्त सरकारी शुल्क भरायचे. बेळगावच्या हायड्रॉलिक्स आणि मशीनचे भाग बनवणाऱ्यांना सर्वात जास्त उपयोग याचा आहे. आपल्याकडे कारागीर जुगाड करतो, शेजारचा बघून करतो, आणि मूळ माणसाच्या हातात काहीच राहत नाही.

सरकारी खरेदी : मान्यताप्राप्त स्टार्टअपला निविदेत बयाणा रक्कम भरावी लागत नाही. गुणवत्तेची अट पाळून मागच्या उलाढालीच्या आणि अनुभवाच्या अटीही शिथिल करता येतात.

आयकर : पहिल्या दहा वर्षांपैकी सलग तीन वर्षांच्या नफ्यावर पूर्ण वजावट. पण ती फक्त प्रायव्हेट लिमिटेड आणि एलएलपीला मिळते. भागीदारी संस्थेला मान्यता मिळाली तरी ही वजावट नाही. शिवाय आंतरमंत्रालयीन मंडळाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं, आणि जुन्या वापरलेल्या यंत्रांचा वाटा २० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. वडिलांचा लेथ नव्या कंपनीत आणताना याचा विचार करावा.

सीड फंड : ९४५ कोटींची ही योजना एप्रिल २०२१ मध्ये सुरू झाली. संदेशातला ५० लाखांचा आकडा इथला. नमुना तयार करणे, चाचणी घेणे यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान. बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत रक्कम, पण ती कर्ज किंवा परिवर्तनीय कर्जरोख्यांच्या रूपात, म्हणजे परत करायची किंवा कंपनीत हिस्सा द्यायचा. पैसा थेट दिल्लीहून येत नाही, निवडलेल्या इन्क्युबेशन केंद्रामार्फत येतो. अर्जाच्या वेळी कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नसावी, ही अट बऱ्याच जणांना उशिरा कळते. योजना मुळात चार वर्षांसाठी आखली होती, त्यामुळे सध्या कोणतं केंद्र अर्ज घेत आहे हे आधी तपासावं.

फंड ऑफ फंड्स : २०१६ चा १०,००० कोटींचा हा निधी सिडबी चालवते. तो गुंतवणूक करणाऱ्या फंडांना जातो. उद्योजकाने त्यासाठी थेट अर्ज करायचा नसतो.

राज्याचं काय?

केंद्राची मान्यता देशभर चालते. राज्याच्या सवलती मात्र कंपनीची नोंदणी कुठे आहे त्यावर ठरतात. कर्नाटकाने २०१५ मध्येच स्वतंत्र स्टार्टअप धोरण आणलं. ‘एलेव्हेट’ स्पर्धेतून निवडलेल्या स्टार्टअपना ५० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, आणि बेंगळूरबाहेर उद्योग नेण्याच्या कार्यक्रमात हुबळी-धारवाड-बेळगाव हा एक पट्टा धरला आहे. महाराष्ट्रात २०१८ च्या धोरणानंतर राज्य नाविन्यता सोसायटी काम करते. तिच्या स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या स्टार्टअपना सरकारी कार्यादेश मिळतात.

घर बेळगावात आणि शेड चंदगड तालुक्यातल्या शिनोळीत, अशी माणसं आपल्याकडे कमी नाहीत. त्यांनी नोंदणीकृत कार्यालय कुठे ठेवायचं हे भावनेवर न ठरवता दोन्हीकडच्या सवलती समोर मांडून ठरवावं. एका कंपनीला दोन्ही राज्यांच्या दारात उभं राहता येत नाही.

स्टार्टअपमध्ये बसत नसेल तर?

तर तो कमीपणा नव्हे. एकट्याच्या मालकीच्या धंद्याला उद्यम नोंदणी आहे, तीही मोफत. नवा कारखाना काढायचा असेल तर पीएमईजीपी योजनेत उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंतच्या आणि सेवेसाठी २० लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला बँक कर्जासोबत १५ ते ३५ टक्के अनुदान मिळतं. चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करावी. गिरणी, बेकरी, गॅरेज, वेल्डिंग शॉप काढणाऱ्याला स्टार्टअपच्या कागदांपेक्षा हीच वाट सरळ पडते.

आपला आवाज तिथे कसा पोहोचेल?

परिषदेच्या कामाच्या यादीत निमशहरी व ग्रामीण भाग स्पष्ट लिहिला आहे. पहिल्या नेमणुकीत ठळक दिसलेली नावं मात्र मोठ्या शहरांतल्या ॲप कंपन्यांची होती. वाळूच्या साच्यात धातू ओतणाऱ्याची किंवा मागावर साडी विणणाऱ्याची अडचण त्या टेबलावर आपोआप जाईल, असं समजण्यात अर्थ नाही. एकट्या नागरिकाने परिषदेकडे जावं अशी खिडकी नाही. पण उद्योग संघटनांचे प्रतिनिधी सदस्य असतात, आणि त्यांच्याकडे जाण्याचा रस्ता चेंबर ऑफ कॉमर्स व फौंड्री संघटना यांच्यामार्फत जातो. एकमालकी धंद्याला कंपनीत बदलताना जुन्या यंत्रांची आणि पुनर्रचनेची अट शिथिल करावी, ही एकच मागणी आपल्या भागातून आकडेवारीसह गेली, तरी ती उद्यमबागेपुरती राहणार नाही. कोल्हापूर, इचलकरंजी, हुबळीच्या कारखानदारांची अडचण हीच आहे.

त्या लेथवाल्या तरुणाने १८ हजार भरले नाहीत. बियाणं पेरायच्या यंत्राचा एक भाग त्याने स्वतःच्या डोक्याने बदलला आहे आणि तो खेडोपाडी विकला जातो आहे. धंदा अजून वडिलांच्या नावावर आहे. पुढच्या आठवड्यात तो सीएकडे जाणार आहे, आणि पहिला प्रश्न अनुदानाचा विचारणार नाही. कंपनी काढायची की एलएलपी, हा विचारणार आहे.