अहवाल पुन्हा 'पॉझिटिव्ह'. पण रुग्ण संसर्गजन्य असतो का?

करोनातून बरा होऊन घरी परतलेल्या व्यक्तीचा अहवाल काही आठवड्यांनी पुन्हा 'पॉझिटिव्ह' आला, तर घरातले आणि शेजारी धास्तावतात. आजार उलटला काय, आणि आता ही व्यक्ती इतरांना बाधित करील काय, असे दोन प्रश्न त्यातून निर्माण होतात. महासाथीच्या प्रारंभी या प्रश्नांचा पद्धतशीर शोध घेतला तो दक्षिण कोरियाने.

एप्रिल २०२० मध्ये तेथे बरे झालेल्यांचे अहवाल पुन्हा 'पॉझिटिव्ह' येऊ लागले. १५ मेपर्यंत अशा व्यक्तींची संख्या ४४७ झाली. तेथील रोग नियंत्रण यंत्रणेने त्यांपैकी २८५ जणांची आणि त्यांच्या संपर्कातील ७९० व्यक्तींची तपासणी केली. संपर्कातील केवळ तिघांना नव्याने बाधा झाल्याचे आढळले. मात्र त्या तिघांचाही अन्य मार्गाने बाधितांशी संबंध आला होता. पुन्हा 'पॉझिटिव्ह' आलेल्या १०८ जणांच्या नमुन्यांतून प्रयोगशाळेत विषाणू वाढविण्याचा प्रयत्न झाला. एकाही नमुन्यात जिवंत विषाणू मिळाला नाही.

याचे उत्तर चाचणीच्या स्वरूपात दडलेले आहे. आरटी-पीसीआर चाचणी विषाणूच्या जनुकीय द्रव्याचा म्हणजे आरएनएचा शोध घेते. ते द्रव्य जिवंत विषाणूचे आहे की मृत विषाणूच्या अवशेषांचे, हे तिला सांगता येत नाही. श्वसनमार्गातील पेशी झडून नव्या येईपर्यंत असे अवशेष कित्येक आठवडे बाहेर पडत राहतात. त्यांचे प्रमाण अत्यल्प असल्याने एका नमुन्यात ते सापडतात, तर दुसऱ्यात सापडत नाहीत. मधला 'निगेटिव्ह' आणि नंतरचा 'पॉझिटिव्ह' अहवाल यांची संगती बहुधा अशी लागते.

सौम्य व मध्यम आजारात लक्षणे सुरू झाल्यापासून सुमारे दहा दिवसांनंतर जिवंत विषाणू क्वचितच मिळतो, असे अनेक अभ्यासांत दिसून आले. यामुळे मे २०२० मध्ये दक्षिण कोरियाने अशा व्यक्तींचे पुन्हा विलगीकरण थांबविले आणि कामावर किंवा शाळेत परतण्यासाठी 'निगेटिव्ह' अहवालाची अटही काढून टाकली. भारतातही ८ मे २०२०च्या सुधारित धोरणानुसार सौम्य रुग्णांना घरी सोडण्यापूर्वीच्या चाचणीची आवश्यकता राहिली नाही.

अर्थात, प्रत्येक 'पॉझिटिव्ह' अहवाल निरुपद्रवी मानणे चुकीचे ठरेल. ऑगस्ट २०२० मध्ये हाँगकाँगमधील एका ३३ वर्षीय पुरुषाला पहिल्या बाधेनंतर १४२ दिवसांनी नव्याने संसर्ग झाल्याचे विषाणूच्या जनुकीय तुलनेतून सिद्ध झाले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पुनर्संसर्गासाठी दोन 'पॉझिटिव्ह' अहवालांत किमान १०२ दिवसांचे अंतर आणि मध्ये एक 'निगेटिव्ह' अहवाल, असा निकष सुचविला होता. परंतु २०२१च्या अखेरीस ओमायक्रॉन आल्यानंतर पुनर्संसर्गाचे प्रमाण वाढले, आणि त्याहून कमी अंतरानेही तो होऊ शकतो हे स्पष्ट झाले. शिवाय ज्यांची रोगप्रतिकारशक्ती खूप क्षीण झालेली असते, त्यांच्या शरीरात जिवंत विषाणू महिनोन्महिने राहू शकतो. अशा रुग्णांना बरे होताच संसर्गमुक्त गृहीत धरता येत नाही.

म्हणून केवळ कागदावरचा शेरा न पाहता लक्षणे, पहिल्या आजारापासूनचा काळ, नवा संपर्क आणि रुग्णाची प्रतिकारशक्ती यांचा एकत्रित विचार व्हायला हवा. ताप, खोकला नव्याने सुरू झाला असेल, तर मास्क वापरून इतरांपासून दूर राहावे व डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. लक्षणे नसलेल्या आणि नुकत्याच बऱ्या झालेल्या माणसाला मात्र निव्वळ जुन्या अवशेषांपायी कामावरून वा सोसायटीच्या दारातून परत पाठविणे, याला वैद्यकीय आधार नाही.