बंदरावर उतरलेली शेजाऱ्यांची फौज

आमच्या मिनेसोटात बर्फ आणि तळ्यांइतकीच आणखी एक गोष्ट मुबलक आहे, ती म्हणजे लायबेरियन माणसं. मिनियापोलिसजवळच्या ब्रुकलिन पार्कमध्ये त्यांची इतकी वस्ती आहे की तिथल्या किराणा दुकानांत कसाव्याची पानं आणि पाम तेल सहज मिळतं. आमच्या प्लँटवर मेंटेनन्सला असाच एक गृहस्थ आहे. वयाने माझ्याएवढाच. एकदा रात्री लाइन बंद पडली, सुटा भाग येईपर्यंत बसून राहायचं होतं, तेव्हा त्याने मला 'इकोमॉग'चा फुल फॉर्म विचारला. मी गप्प. तो म्हणाला, "एव्हरी कार ऑर मूव्हिंग ऑब्जेक्ट गॉन." म्हणजे गाडी असो की हलणारी कुठलीही वस्तू, गायब!

हा मन्रोव्हियातला जुना विनोद आहे. पण त्यामागचा इतिहास आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही (मलाही नव्हता), म्हणून हा लेख.

डिसेंबर १९८९ मध्ये चार्ल्स टेलर नावाच्या माणसाने आयव्हरी कोस्टच्या बाजूने लायबेरियात बंड घुसवलं. १९९० च्या उन्हाळ्यापर्यंत राजधानी मन्रोव्हिया वेढली गेली. लायबेरिया म्हणजे अमेरिकेतून गेलेल्या मुक्त गुलामांनी उभारलेला देश, झेंडासुद्धा अमेरिकेसारखाच, फक्त तारा एकच. त्यामुळे लोकांची नजर समुद्रावर होती. अमेरिकन जहाजं आलीही, पण मुख्यतः आपली आणि इतर परदेशी माणसं बाहेर काढण्यासाठी. त्यात २ ऑगस्टला सद्दामने कुवेत गिळलं आणि जगाचं लक्षच तिकडे गेलं.

मग पश्चिम आफ्रिकेतल्या शेजाऱ्यांनीच ठरवलं. इकोवास ही संघटना १९७५ मध्ये व्यापारासाठी निघालेली. तिने ऑगस्टमध्ये बांजुलला बैठक घेऊन फौज पाठवायचा निर्णय घेतला, आणि २४ ऑगस्ट १९९० ला नायजेरिया, घाना, गांबिया, गिनी आणि सिएरा लिओनचे सुमारे ३ हजार सैनिक मन्रोव्हियाच्या फ्री पोर्टवर उतरले. कराराची शाई वाळणं सोडाच, करारच नव्हता. टेलरने त्यांच्यावर गोळीबार सुरू केला. सर्वांत जास्त फौज आणि पैसा नायजेरियाचा, आणि तिथे स्वतःकडेच लष्करी राजवट! बुर्किना फासो आणि आयव्हरी कोस्ट तर टेलरच्याच पाठीशी. म्हणजे शांतिसेना पाठवणारं घरच दुभंगलेलं.

साधारण दोन आठवड्यांनी, ९ सप्टेंबरला, लायबेरियाचा अध्यक्ष सॅम्युएल डो शांतिसेनेच्या मुख्यालयात गेला असताना प्रिन्स जॉन्सनच्या टोळीने त्याला तिथूनच पकडून नेलं आणि हाल करून मारलं. यानंतर घानाच्या सेनापतीच्या जागी नायजेरियाचा आला आणि शांतिसेना सरळ लढाईतच उतरली.

इथे मला आपलं श्रीलंकेचं प्रकरण आठवतं. आपली शेवटची तुकडी तिथून मार्च १९९० मध्ये परतली, आणि पाचच महिन्यांनी हे मन्रोव्हियाला उतरले. मोठा शेजारी, मध्यस्थ म्हणून प्रवेश, मग स्वतःच एक पक्ष. मुंबईत वाढलेले, महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन १९८७ मध्ये तिथेच धारातीर्थी पडले, त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. पण त्या मोहिमेबद्दल आपण आजही जरा दबक्या आवाजातच बोलतो. असो.

माझ्या मित्राच्या घरातलं शिलाईचं मशीन त्या काळात गेलं. कोणी नेलं ते त्याला ठाऊक नाही, त्या शहरात तेव्हा बंदूकवाले कमी नव्हते. पण तो हेही म्हणाला, "ते आले नसते तर आम्ही उपाशीच मेलो असतो. बंदर उघडलं म्हणून तांदूळ आला." दोन्ही वाक्यं एकाच दमात. मला तरी यापेक्षा नेमकं मूल्यमापन कुठे वाचायला मिळालं नाही.

पुढे १९९७ च्या निवडणुकीत टेलरच निवडून आला! सात वर्षं ज्याच्याशी लढले, त्याच्याच हाती देश देऊन फौज निघाली. आम्ही इंजिनिअर प्रोजेक्टच्या पहिल्याच दिवशी हँडओव्हर कुणाला, ते विचारतो. इथे ते कुणी विचारलं नव्हतं. पुन्हा युद्ध पेटलं, २००३ मध्ये टेलर गेला, पुन्हा इकोवासचीच तुकडी आधी पोचली. पण या वेळी दोन महिन्यांच्या आत तिचा ताबा संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेने घेतला. याच मोहिमेत २००७ मध्ये भारताच्या सीआरपीएफच्या महिलांची तुकडी गेली, संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातली पोलिसांची पहिली पूर्ण महिला तुकडी. मित्राच्या बहिणीला त्या अजून आठवतात. ही मोहीम २०१८ मध्ये संपली. २०२३ मध्ये तिथला अध्यक्ष निवडणूक हरला आणि मुकाट्याने घरी गेला.

मग हेच सूत्र पुढे चालेल का? आधी शेजारी, मागून संयुक्त राष्ट्रं? २०१७ मध्ये गांबियात हरलेला अध्यक्ष खुर्ची सोडेना, तेव्हा इकोवासचं सैन्य सीमा ओलांडताच दोन दिवसांत गेला. पण २०२३ मध्ये नायजरमध्ये बंड झालं, इकोवासने आठवड्याची मुदत दिली, ती उलटली, आणि काहीच घडलं नाही. उलट माली, बुर्किना फासो आणि नायजर जानेवारी २०२५ मध्ये संघटनेतूनच बाहेर पडले.

खरी अडचण पैशाची आहे. डिसेंबर २०२३ मध्ये सुरक्षा परिषदेने ठरवलं की आफ्रिकन संघाच्या मोहिमांचा ७५ टक्क्यांपर्यंत खर्च संयुक्त राष्ट्रांच्या वर्गणीतून देता येईल. 'देता येईल', 'देऊ' नव्हे! वर्षभरानंतर सोमालियातल्या नव्या मोहिमेला मंजुरी मिळाली तेव्हा अमेरिका तटस्थ राहिली, आणि जानेवारी २०२५ मध्ये मोहीम सुरू झाली ती पैशाची सोय न होताच. सैनिक युगांडाचा, केनियाचा, इथियोपियाचा. आणि त्याच्या भत्त्याची चर्चा न्यूयॉर्कला.

हे सगळं मी मित्राला सांगितलं. तो म्हणाला, पगार नसलेला सैनिक शिलाई मशीन उचलतो, त्यात नवीन काय? तेवढ्यात सुटा भाग आला आणि आम्ही उठलो.